घरातील कचरा आणि आपली जबाबदारी

(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)





या व्यासपीठावरून दरवर्षी परीक्षांचे निकाल, शिष्यवृत्त्या, मुलींचे उच्च शिक्षण, स्पर्धा परीक्षांची तयारी अशा विषयांवर बोलले जाते, आणि ते योग्यच आहे. यंदा विषय निवडण्याची मोकळीक मिळाली तेव्हा मी घरातील कचरा हा विषय निवडला. हा विषय समारंभाला शोभणारा नाही असे काहींना वाटेल. परंतु ज्या मोहल्ल्यात मूल वाढते त्या मोहल्ल्याची हवा, तिथले पाणी आणि तिथले डास त्याच्या अभ्यासात भाग घेत असतात. डेंग्यूने पंधरा दिवस अंथरुणाला खिळलेल्या मुलाचा बुडालेला अभ्यास कोणताही शिक्षक सहज भरून काढू शकत नाही. म्हणून हा विषय शिक्षणाचाच आहे, असे माझे नम्र मत आहे.

दीन आणि सफाई

आपल्यापैकी प्रत्येकाला लहानपणीच शिकवले जाते की पाकी हा इमानाचा भाग आहे. फिकहच्या बहुतेक ग्रंथांची सुरुवात तहारतच्या प्रकरणाने होते. नमाज, रोजा, जकात ही प्रकरणे त्यानंतर येतात. वजू करताना पाणी वाया घालवू नये, रस्त्यातील त्रासदायक वस्तू दूर करणे हाही सदकाच आहे, लोकांच्या वाटेवर व सावलीच्या जागी घाण करू नये, ही हदीसमधील शिकवण मुलांनी मक्तबमध्ये ऐकलेली असते. इस्लामी इतिहासात मुहतसिब नावाचा अधिकारी असे. बाजारातील वजनमापे तपासण्याबरोबरच रस्ते मोकळे व स्वच्छ आहेत की नाहीत हे पाहणे त्याच्या कामात मोडत असे. याचा अर्थ इतकाच की सार्वजनिक स्वच्छता ही आपल्याला कोणी बाहेरून शिकवावी अशी गोष्ट नाही.

मग अडचण कुठे आहे? आपली घरे स्वच्छ असतात. आपल्या माता-भगिनी सकाळ-संध्याकाळ घर झाडतात, पुसतात. अडचण उंबरठ्याच्या पलीकडे सुरू होते. घरातला कचरा पिशवीत बांधला आणि कोपऱ्यावर ठेवला की आपली जबाबदारी संपली, अशी आपली समजूत आहे. ही समजूत केवळ आपल्या समाजाची नाही, साऱ्या शहराची आहे. पण आज मी आपल्या माणसांपुढे बोलत असल्यामुळे आपल्यापुरते बोलतो.

कचरा जातो कुठे?

आपण टाकलेली पिशवी नाहीशी होत नाही. ती दुसऱ्या कोणाच्या तरी दारात जाऊन पडते. पुणे शहराचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या हद्दीत टाकला गेला. तिथल्या विहिरींचे पाणी बिघडले, दुर्गंधी आणि माश्या यांनी लोक हैराण झाले. अखेर ग्रामस्थांनी वेळोवेळी आंदोलने करून कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, तेव्हा कुठे शहराला जाग आली, कारण त्या दिवसांत ढीग आपल्या चौकात साचू लागले.

मुंबईत आपल्यापैकी अनेकांचे नातेवाईक गोवंडी, शिवाजीनगर, बैंगनवाडी या भागांत राहतात. त्या वस्त्यांना लागून देवनारचे कचरा मैदान आहे, तेथे १९२७ सालापासून कचरा पडत आला. जानेवारी २०१६ मध्ये या मैदानाला मोठी आग लागली. धूर दिवसचे दिवस हटेना. आसपासच्या महापालिका शाळा काही दिवस बंद ठेवाव्या लागल्या. दुसऱ्यांनी टाकलेल्या कचऱ्यामुळे गरीब वस्तीतील मुलांची शाळा बंद पडते, यापेक्षा मोठा अन्याय शिक्षकाच्या दृष्टीने कोणता असेल?

अशा आगी लागतात कशा, हे विद्यार्थ्यांनी समजून घ्यावे. भाजीची देठे, उरलेले अन्न, हाडे हा ओला कचरा ढिगाखाली हवेशिवाय कुजतो तेव्हा मिथेन नावाचा ज्वलनशील वायू तयार होतो. वर प्लॅस्टिक आणि कागद असतोच. एक ठिणगी पुरते. हाच ओला कचरा वेगळा ठेवून हवेत कुजू दिला तर त्याचे उत्तम खत होते. म्हणजे एकच वस्तू, वेगळी ठेवली तर खत आणि मिसळली तर आग. आपल्या शहरांतील कचऱ्यात वजनाने साधारण निम्मा वा त्याहून अधिक भाग ओल्या कचऱ्याचा असतो. तेव्हा हा एक भाग घरातच वेगळा झाला तरी प्रश्नाचा मोठा हिस्सा सुटतो.

सुरतेचे उदाहरणही लक्षात ठेवण्यासारखे आहे. सप्टेंबर १९९४ मध्ये तेथे प्लेगची साथ आली. पुरानंतर साचलेली घाण आणि कचरा यांची त्या वेळी देशभर चर्चा झाली. लोक शहर सोडून पळाले, कामधंदे बंद पडले. परंतु त्यानंतर महापालिकेने शिस्त लावली, रोजची सफाई सुरू केली, नियम मोडणाऱ्यांना दंड केला, आणि थोड्याच वर्षांत तेच सुरत देशातील स्वच्छ शहरांत गणले जाऊ लागले. शहराच्या नशिबी घाण लिहिलेली नसते, एवढे तरी या उदाहरणावरून पटावे.

कायदा काय सांगतो?

आता नियमांकडे वळू. १९९६ साली अल्मित्रा पटेल यांनी शहरांतील कचऱ्याबाबत सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. त्यातून २००० साली घनकचऱ्याचे पहिले देशव्यापी नियम आले. २०१६ साली ते बदलून नवे नियम झाले आणि घरातच कचरा वेगळा करणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य ठरले. जानेवारी २०२६ मध्ये केंद्र सरकारने पुन्हा नवे नियम जाहीर केले असून त्यांच्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६ ही आहे. या नियमांनुसार कचऱ्याचे चार भाग करायचे आहेत. ते चार भाग मी आपल्या स्वयंपाकघराच्या भाषेत सांगतो.

पहिला, ओला कचरा. भाजी-फळांच्या साली, उरलेले अन्न, चहाचा चोथा, अंड्यांची टरफले, मटण-मासळीची हाडे व काटे, रमजानमधील खजुराच्या बिया, सुकलेली फुले. हा कचरा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नये. झाकणाच्या डब्यात ठेवून तसाच द्यावा. पिशवीत बांधलेला ओला कचरा खताच्या कामाचा राहत नाही, आणि ती पिशवी गायी-म्हशींच्या पोटात जाते ती वेगळीच.

दुसरा, सुका कचरा. कागद, पुठ्ठा, बाटल्या, डबे, पत्रा, काच, रबर, चामडे, कापड, दुधाच्या व तेलाच्या पिशव्या. येथे एकच पथ्य आहे: वस्तू कोरडी आणि शक्य तितकी स्वच्छ असावी. दुधाची पिशवी विसळून वाळवली की ती माल ठरते. न धुता टाकली की दुर्गंधी ठरते. पिशवीचा कोपरा कापताना तुकडा वेगळा करू नये, कारण ते बारीक तुकडे कोणाच्याच हाती लागत नाहीत आणि गटारात जातात. रस्सा सांडलेला कागद पुन्हा कागद बनवण्यास निरुपयोगी होतो. याउलट काच कितीही वेळा वितळवता येते, आणि जुन्या ॲल्युमिनियमपासून नवे भांडे बनवण्यास खनिजापासून बनवण्याच्या मानाने केवळ पाच टक्क्यांच्या आसपास ऊर्जा लागते. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

तिसरा, स्वच्छताविषयक कचरा. लहान मुलांचे डायपर, सॅनिटरी पॅड, जखमेच्या पट्ट्या. हा विषय आपल्याकडे उघडपणे बोलला जात नाही, म्हणून तो नेमका सर्वांत वाईट तऱ्हेने टाकला जातो. तो कागदात घट्ट गुंडाळावा आणि त्यावर लाल ठिपका काढावा, अशी पद्धत पुण्यात कचरावेचक भगिनींच्या संघटनेने सुचवली आहे. तो लाल ठिपका पाहून पुडके उघडायचे नाही हे उचलणारीला कळते. एका ठिपक्याने एका माणसाची लाज आणि आरोग्य दोन्ही राखले जाते.

चौथा, विशेष काळजीचा कचरा. रंगाचे डबे, बल्ब व ट्यूब, पाऱ्याचे थर्मामीटर, मुदत संपलेली औषधे. हा इतर कचऱ्यात अजिबात मिसळू नये, वेगळा साठवून नेमलेल्या ठिकाणी द्यावा. बंद पडलेले मोबाईल, चार्जर, वायरी आणि बॅटऱ्या यांनाही स्वतंत्र नियम आहेत. त्या अधिकृत संकलन केंद्रातच जाव्यात. फुटलेली काच जाड कागदात गुंडाळून, सांगून हातात द्यावी. घरदुरुस्तीची वाळू-विटा-राडारोडा हाही रोजच्या कचऱ्यात टाकता येत नाही.

याखेरीज दोन गोष्टींना बंदी आहे. कचरा जाळणे हा गुन्हा आहे. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळल्यास ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई ठरवली. हिवाळ्यात कोपऱ्यावर शेकोटीत प्लॅस्टिक जाळले जाते, त्याचा विषारी धूर प्रथम आपल्याच मुलांच्या छातीत जातो. दुसरी बंदी प्लॅस्टिकची. महाराष्ट्रात मार्च २०१८ मध्ये बंदीची अधिसूचना निघाली आणि १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायचे प्लॅस्टिकचे पेले, ताटल्या, चमचे, स्ट्रॉ यांवर देशभर बंदी आली. २६ जुलै २००५ च्या मुंबईच्या पुरात पिशव्यांनी तुंबलेल्या गटारांनी काय केले हे जुन्या मंडळींना आठवत असेल.

आपल्या घरचे काही प्रश्न

आता काही गोष्टी अशा आहेत की ज्या सरकारी पत्रकात छापलेल्या नसतात, पण आपल्या घरात रोज उभ्या राहतात.

पहिला प्रश्न पवित्र मजकुराच्या कागदांचा. उर्दू वर्तमानपत्रे, दिनदर्शिका, लग्नपत्रिका, मदरशाची जुनी पुस्तके यांवर अल्लाहचे नाव किंवा आयत छापलेली असते. ते कागद रद्दीत किंवा कचऱ्यात जाऊ नयेत ही भावना अगदी रास्त आहे. परंतु त्यामुळे अनेक घरांत सारेच कागद गोणीत भरून ठेवले जातात, किंवा उलट घाईत सारेच एकत्र टाकले जातात. उपाय सोपा आहे. घरात एक वेगळी पिशवी ठेवावी, पवित्र मजकुराचे कागद तेवढे त्यात घालावेत आणि ते मशिदीतील त्यासाठी ठेवलेल्या पेटीत द्यावेत. जेथे पेटी नाही तेथे मशिदीच्या जमातीला ती ठेवण्याची विनंती करावी. लग्नपत्रिका छापणाऱ्यांनी पत्रिकेवर आयत छापण्यापूर्वी तिचे पुढे काय होणार याचाही विचार करावा.

दुसरा प्रश्न बकरी ईदचा. कुर्बानी ही इबादत आहे. तिच्यानंतर राहणारी घाण हा तिचा भाग नाही. महापालिकेने नेमलेल्या जागीच कुर्बानी करावी. आतडी व इतर टाकाऊ भाग गटारात किंवा मोकळ्या जागेत न टाकता त्या दिवसांसाठी महापालिका जी गाडी किंवा जागा ठरवते तेथेच द्यावेत. रक्त धुताना ते रस्त्यावर वाहणार नाही असे पाहावे. उरलेला चारा व गवत ओल्या कचऱ्यात जातो. आपल्या शेजारी इतर धर्मांचे बांधव राहतात. त्यांना आपल्या ईदचा त्रास होऊ नये, उलट शीरखुर्म्याप्रमाणे तिचीही आठवण गोड राहावी. संस्थेच्या मोठ्या वर्गांतील मुलांनी ईदच्या तिन्ही दिवशी आपापल्या गल्लीत स्वयंसेवक म्हणून काम केले, तर मला वाटते मोहल्ल्यातील वडीलधारे त्यांना दुवाच देतील.

तिसरा प्रश्न दावतींचा. वलीमा असो, अकीका असो की इफ्तार, शेकडो ताटल्या, पेले आणि पाण्याच्या बाटल्या एका संध्याकाळी उकिरड्यावर जातात. त्याबरोबर बिर्याणीही जाते, आणि तो इसराफ आहे हे आपण सारे जाणतो. पूर्वी जमातीची तांब्या-पितळेची भांडी, देग आणि ताटे असत आणि ती घरोघरी फिरत. जमातीने स्टीलची ताटे व पेले विकत घेऊन माफक भाड्याने द्यावेत. खर्च वाचेल, कचरा वाचेल आणि गरिबाच्या लग्नालाही शोभा येईल.

उचलणारे हात

मित्रहो, जुन्या वस्तूला पुन्हा कामाला लावणे ही कल्पना परदेशातून आलेली नाही. शाहीर अमर शेख चौकाजवळचा जुना बाजार पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आला. भवानी पेठ, नाना पेठेतील भंगाराच्या दुकानांत आपल्या समाजातील कितीतरी कुटुंबांनी मुले शिकवली, घरे उभी केली. भंगारवाला हा शब्द मुले एकमेकांना चिडवण्यासाठी वापरतात तेव्हा मला वाईट वाटते. जो माणूस शहराने फेकलेले लोखंड, पुठ्ठा, काच पुन्हा कारखान्यात पोचवतो तो शहरावर उपकार करतो. आज या सभागृहात अशा पालकांची मुले बसली आहेत. त्यांनी मान वर करून बसावे.

याच साखळीचे पहिले टोक म्हणजे कचरावेचक भगिनी. त्यांतील बहुसंख्य दलित समाजातील आहेत. १९९३ साली पुण्यात त्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. डॉ. बाबा आढाव यांचा तिला आधार लाभला. पुढे २००८ साली याच भगिनींच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करण्याचे काम हाती घेतले. तीन हजारांहून अधिक कचरावेचक तिच्या सभासद झाल्या. घरटी दरमहा ठरलेले शुल्क आणि सुक्या मालाची विक्री ही त्यांची मिळकत. म्हणजे आपण सुक्या कचऱ्यात उष्टे कालवतो तेव्हा तिच्या मजुरीत हात घालतो. आणि महिन्याचे शुल्क बुडवतो तेव्हा ते मजुराचे देणे बुडवणे होते. मजुराचा घाम वाळण्यापूर्वी त्याची मजुरी देण्याविषयी आपल्याला काय शिकवले आहे, हे मी सांगायला नको.

तिला ‘ए कचरेवाली’ म्हणून हाक मारू नये. ताई म्हणावे, मावशी म्हणावे, उन्हाळ्यात पाणी विचारावे. पिशवी वरच्या मजल्यावरून फेकू नये, हातात द्यावी. मुले हे पाहत असतात आणि नागरिकशास्त्राच्या पुस्तकापेक्षा जास्त त्यातून शिकतात.

हक्कही मागावेत

येथवर मी कर्तव्ये सांगितली. परंतु सारा दोष आपल्याच माथी घ्यावा असे मी म्हणणार नाही. अरुंद गल्ल्यांत घंटागाडी येत नाही, आली तर वेळ ठरलेली नसते, आणि मग आमच्याच वस्तीला घाणेरडी म्हटले जाते, ही तक्रार अनेक पालक करतात आणि ती खरी आहे. १९८० साली रतलाम नगरपालिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की पैसे नाहीत अशी सबब सांगून नगरपालिकेला सफाईची जबाबदारी टाळता येणार नाही. तो खटला एका वस्तीतील सामान्य रहिवाशांनीच तडीस नेला होता. दारोदार कचरा गोळा करण्याची व्यवस्था करणे हे नियमांप्रमाणे पालिकेचे कर्तव्य आहे. ते आपल्यावरील मेहेरबानी नव्हे.

म्हणून चहाच्या टपरीवर तक्रार करण्याऐवजी ती लेखी करावी. क्षेत्रीय कार्यालयाच्या नावे अर्ज, त्यावर गल्लीतील रहिवाशांच्या सह्या, तारीख, आणि एका प्रतीवर पोच. अर्ज लिहिणे दहावीच्या मुलांना मराठीच्या तासाला शिकवलेच जाते. ते खऱ्या अर्जासाठी वापरावे. आणि एक ध्यानात ठेवावे: ज्या गल्लीतील प्रत्येक घर कचरा वेगळा करून देते, त्या गल्लीच्या अर्जाला वजन येते. आरोग्य निरीक्षकाला तिथे उलट बोट दाखवता येत नाही. आपले कर्तव्य पार पाडलेले असणे हीच हक्क मागण्याची खरी ताकद होय. राज्यघटनेच्या कलम ५१-अ मध्ये १९७६ साली मूलभूत कर्तव्ये आली. त्यांत नैसर्गिक पर्यावरणाचे रक्षण करणे हे एक आहे. घटनेने दिलेले हक्क आपण अभिमानाने सांगतो, तसेच हे कर्तव्यही सांगता यावे.

शेवटी तीन विनंत्या

पालकांना विनंती अशी की, उद्यापासून घरात निदान दोन डबे ठेवावेत, एक ओल्यासाठी व एक सुक्यासाठी, आणि बाकीच्या दोन प्रकारांसाठी एकेक पिशवी टांगावी. हे काम केवळ घरातील बाईवर सोपवू नये. कचरा सर्वांचा आहे, तर डबाही सर्वांचा आहे. मुलग्यांनी डबा उचलला तर त्यांच्या शानीत काही कमी होणार नाही.

विद्यार्थ्यांना विनंती अशी की, डब्यात खाऊन झालेल्या चॉकलेटचा कागद टाकण्याइतकी साधी गोष्ट आधी पाळावी, आणि घरी जाऊन आजीला, दादीला चार प्रकार समजावून सांगावेत. जे दुसऱ्याला समजावता येते तेच आपल्याला आले, असे मी वर्गात नेहमी सांगतो.

संस्थेला विनंती अशी की, शाळेच्या आवारात ओल्या कचऱ्याचा खतखड्डा करावा, आणि संस्थेच्या प्रत्येक कार्यक्रमात, आजच्या या मेळाव्यातसुद्धा, प्लॅस्टिकचा पेला दिसू नये असा ठराव करावा. आम्ही शिक्षक त्यासाठी लागेल ते श्रम करू.

आपल्या मोहल्ल्याची ओळख तेथील मुलांच्या हुशारीने आणि तेथील स्वच्छ रस्त्याने व्हावी, ही आपणा सर्वांची इच्छा आहे. पहिल्या गोष्टीसाठी ही संस्था कित्येक वर्षे झटत आहे. दुसऱ्या गोष्टीला पैसा फारसा लागत नाही, रोज सकाळची पाच मिनिटे लागतात. ती आपण द्याल अशी उमेद बाळगून मी माझे भाषण संपवतो.

खुदा हाफिज. जय हिंद.